दिसायला एक, गायला दोन

पावसाळ्यात माथेरानला किंवा येऊरच्या जंगलात पहाटे गेलात, तर ओढ्याकडून शीळ ऐकू येते. एखादं उनाड पोरगं शाळा बुडवून, खिशात हात घालून, कुठलीच चाल नीट न पकडता शीळ घालत हिंडतंय असं वाटतं. तो आपला शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी त्याला 'व्हिसलिंग स्कूलबॉय' म्हटलं, ते उगाच नाही. गंमत म्हणजे आता शास्त्रज्ञांनी त्याला कस्तुरांच्या घराण्यातून उचलून माशीमारांच्या घराण्यात टाकलंय. डीएनएचा निकाल लागला, आडनाव बदललं, पण हाक मारायचं नाव तेच राहिलं.

मला सांगायचंय ते मात्र अस्सल कस्तुरांबद्दल. दोन आहेत. दोघंही हिमालयात राहतात, दोघंही मैनेपेक्षा थोराड, पाठ साधी तपकिरी, पोट फिकट आणि त्यावर माशाच्या खवल्यांसारख्या काळ्या चंद्रकोरी. फोटो शेजारी ठेवले तर तुम्ही म्हणाल, एकाच पक्ष्याचे दोन फोटो आहेत. दीडशेहून जास्त वर्षं अख्खं जग हेच म्हणत होतं.

एडवर्ड ब्लाइथ नावाच्या माणसाने १८४२ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं म्युझियम तो सांभाळायचा. त्याने नाव ठेवलं 'मॉलिसिमा', म्हणजे अतिशय मऊ. पुढे इंग्रजी पुस्तकांत तो 'प्लेन-बॅक्ड थ्रश' झाला. साध्या पाठीचा. इतकं बिचारं नाव की कुणाला त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसंही वाटू नये! म्युझियमच्या खणांत कापूस भरलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले साध्या पाठीचे कस्तूर साठत गेले. सगळ्यांची चिठ्ठी एकच.

मग २००९ च्या मे-जूनमध्ये पश्चिम अरुणाचलात दोन माणसं डोंगर चढत होती. एक स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि दुसरे शशांक दळवी. (आडनाव वाचून माझे कान टवकारलेच.) कुठल्या उंचीवर कुठले पक्षी आहेत याचा ते अभ्यास करत होते. सूचिपर्णी झाडांच्या जंगलात त्यांना साध्या पाठीचा कस्तूर गाताना ऐकू आला. गोड, सुरेल, कस्तुराला शोभेल असं गाणं. मग ते आणखी वर गेले. झाडं संपली, उघडे खडक आणि गवत सुरू झालं, आणि तिथेही साध्या पाठीचा कस्तूर. पण हा गातोय म्हणावं की घसा खाकरतोय? खरखरीत, ओरखडे काढल्यासारखं, सुराचा पत्ता नाही.

अंतर किती, तर डोंगराच्या एकाच उताराचं. खाली एक गाणं, वर दुसरं.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते, आणि खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसले. कारण माझं कामच कान लावून बसायचं आहे. मी कॉल क्वालिटीत आहे. म्हणजे तुम्ही कस्टमर केअरला फोन करता तेव्हा 'हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो' असं जी बाई सांगते ना, तो रेकॉर्ड झालेला कॉल नंतर कुणीतरी ऐकतं. ती कुणीतरी म्हणजे मी. दिवसभर हेडफोन, दिवसभर आवाज. चेहरे नाहीत. त्यामुळे एखाद्याला त्याच्या आवाजावरून ओळखणं आणि मग तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे शोधत जाणं, हा उलटा प्रवास मला फार ओळखीचा वाटला.

आणि तो त्यांना खरंच करावा लागला. गाणी दोन आहेत म्हणून जाती दोन, असं लगेच मान्य होत नाही. एकाच जातीच्या पक्ष्यांची गाणी जागेनुसार बदलू शकतात, जशी कोल्हापूरची मराठी आणि नागपूरची मराठी. म्हणून मग खणातले जुने पक्षी बाहेर काढले गेले. सात देशांतली पंधरा म्युझियम्स. पंख मोजले, शेपट्या मोजल्या, चोची मोजल्या, पाय मोजले, रंगाच्या छटा लावून पाहिल्या. तेव्हा कळलं की ते सरळ दोन गटांत पडतात. दीडशे वर्षं एकाच चिठ्ठीखाली दोन वेगळे पक्षी निजले होते आणि कुणी त्यांना तसं विचारलंच नव्हतं. डीएनएनेही साथ दिली. या दोघांच्या वाटा काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्यात. म्हणजे आपण माणसं अजून धड माणसं नव्हतो तेव्हा.

या खणांमागचं एक नाव पामेला रासमुसेन. यांना महाराष्ट्राने विसरू नये. रानपिंगळा हा आपल्या सातपुड्यातला छोटा घुबडपक्षी १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता. एका ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये तो मिळाल्याचं लिहून ठेवलं होतं, पण तो नमुना चोरीचा आणि त्याची चिठ्ठी खोटी निघाली. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांच्या मागावर जात रासमुसेनबाई आणि त्यांचे दोन साथीदार नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोचले, आणि समोर झाडावर रानपिंगळा बसलेला! मला या बाईंवर एखादा मराठी सिनेमा बघायला आवडेल. असो.

जानेवारी २०१६ मध्ये 'एव्हियन रिसर्च' या नियतकालिकात हे सगळं छापून आलं. जुनं 'मॉलिसिमा' नाव खडकांवरच्या, बेसूर गाणाऱ्याकडे राहिलं. तो आता 'अल्पाइन थ्रश'. जंगलातल्या सुरेल गाणाऱ्याला नवं नाव मिळालं, 'झूथेरा सलिमअली'. आपल्या मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेले सलीम अली. स्वातंत्र्यानंतर भारतातून वर्णन झालेली ही पक्ष्याची अवघी चौथी नवी जात. (चीनमध्ये या कुटुंबातला तिसरा भाऊही निघाला, पण त्याच्याकडे आज वळत नाही.) मी आपली माझ्यापुरती दोन नावं ठेवलीत, चष्मेवाल्याच्या चालीवर. खालचा तो जंगलवाला, वरचा तो खडकवाला.

आता बाबांकडे येते.

माझ्या बाबांनी पोस्टात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात पक्षी ऐकले. 'पाहिले' मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्याकडे दुर्बीण होती, पण ती बहुतेक वेळ छातीवर लटकायची. येऊरला चालता चालता ते मध्येच थांबायचे आणि डोळे मिटायचे. "निखार. वर, डावीकडे. दोन आहेत." मग मी डोळे फाडून बघायची आणि पानांत खरोखर शेंदरी ठिणगी दिसायची. १९८६ पासूनच्या त्यांच्या वह्या आहेत. तारीख, जागा, पक्षी, आणि शेवटचा रकाना 'आवाज'. तो रकाना सगळ्यात रुंद.

वय झालं की कान जातात ते वरून जातात, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. म्हणजे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. घरातल्या बोलण्यात 'साठ'चं 'आठ' होतं, कारण स, श, फ ही सगळी उंच पट्टीतली पातळ अक्षरं. माणसाचा आवाज ऐकू येतो, शब्द नीट लागत नाही. म्हणून घरचे म्हणतात, "ऐकू तर येतंय, लक्ष नसतं यांचं!" पण पक्षी ऐकणाऱ्या माणसाला हे घरच्यांच्या आधी कळतं. बाबांचा पहिल्यांदा चष्मेवाला गेला. मग शिंजीर, मग निखार. भारद्वाज राहिला, तांबट राहिला, कारण त्यांचे आवाज खालच्या पट्टीतले. वह्यांत बघा, 'आवाज' रकाना अरुंद होत गेलेला स्पष्ट दिसतो. मग एका वर्षी वहीच नाही.

डॉक्टरांनी आलेख काढून दिला. कानाचा आलेख बघितलाय का कधी? डावीकडे खालचे सूर, उजवीकडे उंच. बाबांची रेघ निम्म्या वाटेपर्यंत बऱ्यापैकी सपाट आणि मग टकमक टोक. मशीन घेतलं, चांगलं महागातलं. मशीनने बोलणं सुधारलं, 'साठ' पुन्हा साठ झाले. चष्मेवाला काही परत आला नाही. ही यंत्रं मुख्यतः माणसाचं बोलणं समजावं म्हणून लावलेली असतात, आणि जिथे कानाच्या आतल्या पेशीच गेल्यात तिथे आवाज कितीही मोठा करा, ऐकणारंच कुणी नाही. येऊर बंद झालं. "गुडघे दुखतात," असं ते सांगायचे. गुडघे ठणठणीत होते.

अशा माणसाला मी २०२४ च्या मे अखेरीस अरुणाचलला घेऊन गेले, तेही जे दोन पक्षी गाण्यावरून वेगळे सापडले ते बघायला. आई म्हणाली, "हा काय दुष्टपणा आहे तुझा?" मला तो दुष्टपणा वाटत नव्हता. माझा हिशेब साधा होता. मे-जून हा विणीचा हंगाम. हिवाळ्यात खडकवाला खाली जंगलात उतरतो, तेव्हा गप्प बसलेले दोघे वेगळे ओळखणं अवघड. पण विणीच्या दिवसांत दोघांचे पत्ते पक्के. झाडांत आहे तर हा, झाडांच्या वर आहे तर तो. म्हणजे कान नसले तरी डोळ्यांना काम आहे. आणि बाबांचे डोळे अजून शाबूत होते, फक्त आयुष्यभर त्यांनी ते मिटून ठेवले होते.

गुवाहाटीपर्यंत विमान, पुढे भालुकपाँगला परमिट दाखवून बोमडिला, दिरांग. दिरांगला दोन रात्री काढल्या, कारण पुढे सेला खिंड आहे, सुमारे १३,७०० फूट. या वयात तिथे थेट जाऊन उभं राहणं म्हणजे फाजील शौर्य. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून तवांगच्या बऱ्याच गाड्या खालून जातात. बोगद्याचं उद्घाटन झालं तेव्हा पक्षी बघणाऱ्यांना कुणी विचारलं नसेल, पण खिंडीचा जुना रस्ता जरा निवांत झाला, तो आमच्या पथ्यावर पडला.

पहाटे अंधारात निघालो. खिंडीच्या खाली फर आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं ओलं जंगल, धुकं इतकं की गाडीचा बोनेट दिसेना. गाडी बंद करून उभे राहिलो. आणि आलं. धुक्यातून, कुठूनतरी उजवीकडच्या उतारावरून. एक लांब भरदार सूर, मग दोन-तीन बारीक तुटक, मग थांबा. मग पुन्हा वेगळ्या क्रमाने. घाई नाही. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"गातोय?"

"गातोय."

"कसं?"

आता काय सांगायचं? रोज मी कॉलचे गुण भरते. स्पष्टता, वेग, स्वर, नम्रता. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, आपला दयाळ जर खूप दमून, सावकाश गायला तर." ते हसले. म्हणाले, "हे बरं आहे. पुढे सांग." मग वीसेक मिनिटं मी सांगत होते आणि ते ऐकत होते. लहानपणी येऊरला नेमकं उलटं असायचं.

पक्षी मात्र दिसला नाही. धुकं उठलं तेव्हा तो गप्प झाला होता. बाबा अजिबात वैतागले नाहीत. पानांचा ओला थर, शेवाळलेले ओंडके, झाडांची दाटी हे सगळं ते न्याहाळत होते. "इथे राहायचं तर आवाज लांब जायला हवा," म्हणाले. "दिसायचं तर नाहीच."

वर खिंडीच्या अलीकडे झाडं संपतात तिथे वारा असा की माझ्या कानालासुद्धा वाऱ्यापलीकडे काही लागेना. खडक, बुटकं गवत, बर्फाचे मळके तुकडे. आमच्याबरोबरचा मोनपा गाडीवाला गाडीतून उतरायला तयार नव्हता. बाबा उतरले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एका उतारावर डावीकडून उजवीकडे, मग जरा खाली, मग उजवीकडून डावीकडे, पोस्टातल्या टपालाच्या वर्गवारीसारखं एकेक खडक तपासायला लागले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. माझी बोटं बधिर झाली होती.

"तिसरा मोठा दगड, त्याच्या खालच्या अंगाला," बाबा म्हणाले. "चोच उघडतोय बघ. गातोय ना?"

मी दुर्बीण लावली. दगडाच्या रंगाचा पक्षी, छातीवर खवले. चोच उघडत, मिटत होती. वारा क्षणभर पडला आणि मला ऐकू आलं.

"गातोय," मी म्हटलं. "पण बेकार!"

बाबा इतके मोठ्याने हसले की तो उडून दुसऱ्या दगडावर जाऊन बसला. तिथेही त्याने तेच सुरू केलं.

दोन्ही ठिकाणी मी फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. (रेकॉर्डिंग तिथे मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावायचा प्रकार आम्ही करत नाही. विणीच्या दिवसांत तो बिचारा घरटं सोडून अदृश्य शत्रूशी भांडत बसतो.) संध्याकाळी दिरांगच्या खोलीत, हीटरला चिकटून, मी ते लॅपटॉपवर उघडलं. आवाजाचं चित्र काढता येतं. आडवा वेळ, उभी पट्टी. कॉर्नेलच्या मर्लिन ॲपमध्ये आवाज ओळखताना स्क्रीनवर सरकतं ना, तेच. स्वच्छ सूर असेल तर बारीक रेघ दिसते, खरखर असेल तर डाग. जंगलवाल्याचं चित्र म्हणजे पांढऱ्यावर कुणीतरी बोरूने काढलेली वळणं, मध्ये भरपूर मोकळी जागा. खडकवाल्याचं म्हणजे शाई सांडून वर बोळा फिरवलेला.

बाबांनी चष्मा नाकावर घेतला. दोन्ही चित्रं आळीपाळीने बघितली. मग बोट ठेवून जंगलवाल्याची एकेक रेघ मोजली. "हा लांब सूर. हे तू म्हणालीस ते बारीक. आणि इथे तो थांबतो. म्हणजे दीडशे वर्षं यांना हे माहीत नव्हतं?" म्हटलं, नव्हतं. कारण सगळे खणात बघत होते आणि खणातले पक्षी गात नाहीत. मग मी त्यांना सलीम अलींच्या नावाच्या वटवाघळाची गोष्ट सांगितली. तामिळनाडूच्या डोंगरात १९४८ मध्ये पकडलेलं, एका साध्या फळखाऊ वटवाघळाच्या नावाने बीएनएचएसच्या संग्रहात ठेवून दिलेलं. किती थोंगलोंग्या या थाई शास्त्रज्ञाने ते पुन्हा तपासलं आणि १९७२ मध्ये जाहीर केलं की ही नुसती नवी जात नाही, हे गोत्रच नवं आहे. 'लॅटिडेन्स सलिमअली'. बाबा म्हणाले, "सलीम अलींच्या नशिबी खणातलेच पाहुणे दिसतात."

मग मी माझ्या धंद्यातली एक युक्ती काढली. कॉलवर कुणी फार भराभर बोलत असेल तर आम्ही तो हळू करून ऐकतो. ऑफिसातलं सॉफ्टवेअर पट्टी तीच ठेवतं. पण साध्या पद्धतीने वेग निम्मा केला, जुनी टेप हळू फिरवल्यासारखा, तर पट्टीही निम्मी होते. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली येतं. तार सप्तकातलं मध्य सप्तकात. डॉक्टरांच्या आलेखावरचं ते टकमक टोक मला पाठ होतं. जंगलवाल्याचं गाणं निम्म्या वेगावर लावलं, मशीन काढून त्यांच्या कानांवर माझे ऑफिसचे हेडफोन चढवले.

त्यांनी डोळे मिटले.

दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग चार मिनिटं चाललं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि हीटरच्या लाल तारांकडे बघत राहिले. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले नाहीत. म्हणाले, "दयाळ नाही गं. दयाळ मिरवतो. हा स्वतःशी गातोय. पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग खडकवाला लावला, तो निम्म्या वेगावरही तितकाच वाईट होता, आणि त्याचा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला.

रात्री त्यांनी हॉटेलच्या लेटरहेडचा कागद मागितला. तारीख, जागा, दोन ओळी. एकीत 'ऐकला, दिसला नाही', दुसरीत 'दिसला, ऐकला नाही'. मग दुसऱ्या ओळीतलं 'नाही' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'खोलीत'. कागद घडी करून खिशात घालताना सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या त्या कंप्युटरवर चष्मेवाला आहे का गं?"

चष्मेवाला निम्म्या वेगाने पुरला नाही. पाव वेगाने पुरला.